चार बोटं सैल

मित्रांनो, आधी माझी चाके मोजून घ्या. एक पुढे, दोन मागे. झाली तीन. आता हसायचे असेल तर हसून घ्या, कारण मला पाहिले की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "ही लहान मुलांची का?" मी लहान मुलांची नाही. मी एक जुनी तीनचाकी सायकल आहे, अंगाने चांगली पन्नास किलोची, आणि आजवर माझ्यावर जे बसले ते सगळे कष्ट करून खाणारे लोक होते. स्वतःची स्तुती करायला मला संकोच वाटत नाही. माझ्या वतीने ती करायला दुसरे कोण येणार आहे?

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. गावातल्या लॉन्ड्रीवाल्याला दवाखान्याच्या चादरी पोचवायच्या होत्या. दोन चाकांच्या सायकलवर चादरींचा गठ्ठा बांधला की पुढचे चाक घोड्यासारखे वर उठायचे आणि तो चादरींसकट रस्त्यावर बसायचा. शेवटी तो वेल्डरकडे गेला. वेल्डरने पाण्याच्या नळाचे पाइप कापले, वाकवले, जोडले, आणि मागच्या दोन चाकांच्या मधे पत्र्याची मोठी पेटी बसवली. लॉन्ड्रीवाल्याच्या आईने मला हिरवा रंग दिला. उरलेल्या रंगात तिने लॉन्ड्रीचे दार रंगवले, त्यामुळे मी आणि ते दार सख्खी भावंडे दिसायचो.

आणि मग आल्या माझ्या टोप्या. मागच्या आसाची दोन टोके चाकांच्या बाहेरच्या अंगाला, चाकांशी बरोबरीने, उघडी राहिली होती. त्यांना गंज चढू नये म्हणून लॉन्ड्रीवाल्याने लेथवर काम करणाऱ्या आपल्या मित्राकडून दोन पितळी टोप्या घडवून घेतल्या. गोल, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना इंच इंच बाहेर आलेल्या. दर शनिवारी तो त्यांना राख लावून घासायचा. सकाळच्या उन्हात त्या अशा झळकायच्या की दवाखान्याचा रखवालदार मला लांबूनच ओळखून फाटक उघडायचा. मित्रांनो, या टोप्या तेवढ्या लक्षात ठेवा. ज्या टोप्या मी मिरवल्या, त्यांनीच पुढे भर लोकांत माझे नाक कापले.

अकरा वर्षे मी चादरी वाहिल्या. एक दिवस खाडा नाही. नर्सबाई म्हणायच्या, "हिरवी आली की सकाळ झाली." मग लॉन्ड्रीवाल्याने टेम्पो घेतला. मला त्याने विकले नाही, मोडीतही काढले नाही. नुसते मागच्या पत्र्याखाली उभे केले आणि विसरला. सहा वर्षे मी तिथे उभी होते. एका मांजरीने माझ्या पेटीत तीनदा पिल्ले घातली, तेवढीच काय ती माझी उपयुक्तता. टायर भेगाळले, साखळीचा लाल भुगा झाला. आपले आयुष्य झाले, असे मी धरून चालले होते.

मला शोधून काढले ते दवाखान्यातल्या एका तरुण नर्सने. चार चादरी कमी भरल्या म्हणून ती लॉन्ड्रीवाल्याशी भांडायला आली होती. भांडता भांडता तिची नजर पत्र्याखाली गेली आणि ती चादरी विसरली.

"ती तीनचाकी कोणाची हो?" तिने विचारले.

"मांजराची," लॉन्ड्रीवाला म्हणाला.

"मांजराला दुसरी पेटी देते. ही मला हवी. आमच्या आईंसाठी."

आई म्हणजे तिची सासू. साऱ्या वस्तीची मावशी. मावशींचे शिवणाचे दुकान होते; खाली दुकान, वर घर. तीस वर्षे त्या कपडे शिवत होत्या आणि त्यांनी शिवलेला एकही कपडा तंग झाला म्हणून परत आला नव्हता. गिऱ्हाइकाने कितीही सांगितले, "अंगाबरोबर शिवा, मावशी," तरी त्या चार बोटे सैल ठेवल्याशिवाय कात्री चालवत नसत. "अंगाबरोबर शिवला तर माणूस श्वास कुठे घेणार?" असे म्हणत त्या कापडावर चार बोटे टेकवून खडूची रेघ ओढायच्या.

या मावशी एके काळी पक्क्या सायकलवाल्या होत्या. गावात 'रविवार मंडळी' नावाचा एक घोळका आहे. दर रविवारी सकाळी साडेसहाला सगळे सायकली घेऊन निघतात आणि सहा किलोमीटरवरच्या तळ्याकाठी जाऊन चहा पितात. शर्यत नाही, बक्षीस नाही. त्यांचे पुढारी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पीटी सर. सरांचा एकच नियम: सगळ्यात हळू जो, तो सगळ्यात पुढे. बाकीच्यांनी त्याच्या चालीने चालायचे. वेगवान माणसाला पुढे सोडले की तो मागे वळून बघत नाही, हे सरांनी शाळेच्या मैदानावर पुष्कळ पाहिले होते. त्यामुळे या घोळक्यात कोणीही येते. बेकरीवाला येतो, जो आपल्याच बेकरीची जाहिरात असल्यासारखा गोलमटोल आहे. सुतार येतो, ज्याला जन्मापासून ऐकू येत नाही. त्याच्यासाठी सर शिट्टीबरोबर हातही वर करतात, आणि खूश झाले की सगळेजण टाळ्या न वाजवता दोन्ही हात हवेत हलवतात. त्याची भाषा मंडळींना बऱ्यापैकी येते. तो मंडळींचे ओठ वाचतो आणि नको तेही वाचतो.

मी येण्याच्या चार वर्षे आधी मावशींच्या कानाच्या आत काहीतरी बिघडले. ऐकू छान यायचे, पण अंगाचा तोल गेला. चालताना भिंत धरावी लागायची. दोन चाकांवर बसण्याचा प्रश्नच उरला नाही. बसून मशीन चालवता येत होते, तेवढे त्यांनी चालू ठेवले. सायकल भाच्याला देऊन टाकली. मंडळींनी सुरुवातीला दोन-तीनदा चौकशी केली, मग बाईंना वाईट वाटेल म्हणून विषय काढणे सोडून दिले. माणसे हळवी असली की अशा चुका करतात. दर रविवारी साडेसहाला घंट्या वाजवत घोळका दुकानाच्या खिडकीखालून जायचा. त्या वेळी मावशी मशीन थांबवायच्या. घंट्या कोपऱ्यापलीकडे गेल्या की पुन्हा सुरू करायच्या. हे वर स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या सुनेला ऐकू यायचे; मशीनचे थांबणे ऐकू येते, मित्रांनो, कधी लक्ष देऊन बघा. तिने ते चार वर्षे ऐकले आणि मग मला घेऊन आली.

टायर नवे, साखळी नवी, रंग नवा हिरवा. माझ्या टोप्या तिने स्वतः घासल्या. मावशींनी मला दुकानाच्या दारात पाहिले आणि त्या तोंड फिरवून बसल्या.

"मी काय आता बाळ झाले?" त्या म्हणाल्या.

"आई, बसून तर बघा. आवडली नाही तर मांजराला परत देते."

बसल्या, आणि पहिल्याच वळणावर समोरच्या भिंतीला धडकल्या. त्यात माझा दोष नव्हता. दोन चाकांची सायकल वळताना अंग झुकवावे लागते. मला अंग झुकवलेले कळत नाही, मला हँडल वळवावे लागते. मावशी झुकत राहिल्या आणि मी सरळ जात राहिले. सून पोट धरून हसली. मावशी आधी चिडल्या, मग त्याही हसल्या. चौथ्या दिवशी त्या मला कळल्या आणि मी त्यांना कळले. माझ्यावर बसल्यावर त्यांना भिंत लागत नव्हती. जग फिरले तरी मी फिरत नसे. आठव्या दिवशी त्या भर रस्त्यात मोठ्याने म्हणाल्या, "अगं, मी जातेय!" आणि भाजीवाल्याने मागे वळून विचारले, "कुठे, मावशी?"

पुढच्या रविवारी साडेसहाला घंट्या खिडकीखाली आल्या, तेव्हा आम्ही दोघी दारात तयार उभ्या होतो. पीटी सरांनी शिट्टी तोंडात घेतली, पण ती वाजेना. शेवटी त्यांनी नुसता हात वर केला. बेकरीवाल्याने उघड उघड डोळे पुसले आणि म्हणाला, "चला, माझं ओझं उतरलं. आता सगळ्यात हळू मी नाही."

आम्ही सगळ्यांच्या पुढे निघालो. मागे बावीस सायकली. मला तर वरातीत निघाल्यासारखे वाटत होते. आणि मग कालव्याशी येऊन थांबलो.

तळ्याकडे जाण्याचे दोन रस्ते आहेत. एक ट्रकांचा मोठा रस्ता, आणि दुसरी कालव्याकाठची वाट, दोन्ही बाजूंनी झाडे, एकही गाडी नाही. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून पालिकेने या वाटेच्या तोंडाशी मधल्या काळात लोखंडी खांब रोवले होते. दोन खांबांमध्ये दोन फूट जागा. सायकली एकामागून एक सुळकन गेल्या. मी कशी जाणार?

त्या दिवशी मंडळींनी मला उचलले. चौघांनी चारी बाजूंनी धरले, बेकरीवाला "हळू, हळू" म्हणत राहिला, आणि मावशी खांब धरून, पाय चाचपत पलीकडे गेल्या. कोणी काही वावगे बोलले नाही. सगळे प्रेमाने करत होते. पण पलीकडे पोचल्यावर, मंडळींनी मला जिथे ठेवले होते तिथूनच परत न्यायला मावशींनी सांगितले.

"मी काय कपाट आहे, उचलून ठेवायला?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुम्ही सगळे बसून जाता. मी बसून जाईन, नाहीतर जाणार नाही."

सर म्हणाले, आपण सगळेच मोठ्या रस्त्याने जाऊ. मावशींनी तेही ऐकले नाही. "माझ्यापायी बावीस जणांनी ट्रकचा धूर खायचा? मुळीच नाही." त्यानंतर दर रविवारी आम्ही दोघी मंडळींबरोबर खांबांपर्यंत जायचो, हात हलवायचो आणि परत फिरायचो. माझ्या पेटीत मंडळींसाठी सकाळीच भरलेला चहाचा थर्मास असे. तो सरांच्या सायकलला टांगून द्यावा लागे. रिकामी पेटी खडखड वाजते, आणि तो आवाज मला पत्र्याखालच्या सहा वर्षांपेक्षाही नकोसा वाटायचा.

चार रविवार असे गेले. पाचव्या आठवड्यात मावशी माझ्यावर बसून पालिकेच्या कार्यालयात गेल्या. पायऱ्या चढून मी आत जाऊ शकत नव्हते, पण बांधकाम विभागाच्या इंजिनिअरबाई स्वतः खाली दारात आल्या, म्हणून मला सगळे ऐकता आले.

"मावशी, ते खांब मोटारसायकलींसाठी आहेत हो. तुमच्यासाठी नाहीत."

"हो ना. पण मोटारसायकलवाले शेजारच्या उतारावरून गवतातून जातात. अडले ती मी एकटीच."

इंजिनिअरबाईंनी माझ्याभोवती एक फेरी मारली. बाई तुटक बोलायच्या, पण नजर सरळ होती. "किती जागा लागेल ते नेमकं लेखी द्या," त्या म्हणाल्या. "अंदाजपंचे नको. मला वरिष्ठांना दाखवावं लागतं."

मित्रांनो, नेमके माप मागावे आणि तेही मावशींकडे! त्या घरी येईपर्यंत गाणे गुणगुणत होत्या. संध्याकाळी त्यांनी सुताराला बोलावले. दुकानाच्या फरशीवर मला उभे केले. माझ्या दोन मागच्या चाकांना बाहेरून चिकटून सुताराने खडूच्या दोन रेघा मारल्या, मला बाजूला ढकलले, आणि मावशींनी रेघेपासून रेघेपर्यंत टेप धरली. एकतीस इंच. एक शिवणारी, एक रंधा मारणारा. दोघांचे आयुष्य मापे घेण्यात गेलेले. आणि दोघांनी माप घेतले ते जमिनीवर! चाके जिथे टेकतात तिथे मी एकतीस इंच होते. पण गुडघ्याच्या उंचीवर, आसाच्या टोकांना, माझ्या दोन झळकत्या टोप्या इंच इंच बाहेर आलेल्या होत्या. "टोप्या! अहो, टोप्या!" मी किती आकांत केला. पण मला तोंड नाही. घंटा आहे, ती कोणी वाजवली तर वाजते.

मावशींनी लाल कापडाची एकतीस इंचांची पट्टी कापली. सुताराने त्यांच्या दंडावर टकटक केले आणि आपली चार बोटे दाखवली. चार बोटे सैल ठेवा. तुमचाच नियम.

मावशींनी मान हलवली. "नको रे दादा. आधीच माझ्या एकटीसाठी रोवलेलं लोखंड उपटायला लावतेय. वर आणखी सैल कुठल्या तोंडाने मागू? जेवढ्यास तेवढं मागितलं तर देतील तरी."

सुताराने पुन्हा चार बोटे दाखवली. सूनही म्हणाली, "आई, दुसऱ्यांना सोडता, मग स्वतःलाच का नाही?" मावशींनी ऐकले नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी अंगाबरोबर कापले, आणि ती पट्टी अर्जाला टाचणीने टोचून दिली.

सात आठवड्यांनी पत्र आले. खांब सरकवले आहेत.

त्या रविवारी मंडळी न्हाऊन-माखून आल्यासारखी दिसत होती. बेकरीवाल्याने रात्रभर भट्टी चालवून गरम गोड पाव आणले आणि माझ्या पेटीत भरले. माझी पेटी कधी नव्हे ती आतून उबदार झाली. इंजिनिअरबाईसुद्धा आल्या, कोणाची तरी मागून आणलेली सायकल घेऊन. कॉलेजनंतर आज पहिल्यांदा बसतेय, असे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकले. सुनेने रजा काढली होती. कालव्याच्या वाटेच्या तोंडाशी सगळे थांबले, दोन्ही बाजूंनी रांग धरून उभे राहिले, आणि सरांनी हात वर केला.

"सगळ्यात हळू, सगळ्यात पुढे! या मावशी!"

मावशी ताठ बसल्या. पदर खोचला. मी पुढे झाले. पुढचे चाक गेले, पेडल गेले, आणि मग 'टण्ण' असा आवाज झाला. एक नाही, दोन्ही बाजूंनी एकदम. माझी उजवी टोपी उजव्या खांबावर आणि डावी डाव्या खांबावर.

कोणाला काही कळेना. इंजिनिअरबाईंनी पिशवीतून ती लाल पट्टी काढली आणि खांबांमध्ये धरून पाहिली. पट्टी बरोबर बसत होती. उलट गवंड्याने आपल्या मनाने अर्धा इंच जास्तच सोडला होता. "माप तर बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचाच चेहरा पडला होता.

"माप माझंच आहे," मावशी म्हणाल्या. "चूक माझी आहे." त्या खाली उतरल्या आणि खांब धरून उभ्या राहिल्या. तीस वर्षांत एकही कपडा तंग झाला नाही, आणि जो एक स्वतःसाठी मागितला तोच तंग निघाला, तोही साऱ्या गावासमोर. "तुम्ही व्हा पुढे. पाव गार होतील. मी नेहमीसारखी इथूनच वळते."

बेकरीवाला सवयीने पुढे आला. मावशींनी त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याने दोन्ही हात खिशात घातले आणि म्हणाला, "मी कुठे काय म्हणालो?"

मग पीटी सरांनी आपली सायकल स्टँडला लावली. खट्. शेजारच्याने लावली. खट्. खट्, खट्, खट् करत सगळ्या सायकली स्टँडवर चढल्या आणि मंडळी जागच्या जागी रस्त्याकडेला बसली. इंजिनिअरबाईंना स्टँड लावता येईना, म्हणून त्यांनी सायकल झाडाला टेकवली आणि त्याही बसल्या. "तळं काय पळून जातंय?" सर म्हणाले. मित्रांनो, अकरा वर्षांत माझे पुष्कळ कौतुक झाले, पण त्या खटखटीने मला जे वाटले ते कुठल्याच कौतुकाने वाटले नव्हते. आम्हाला सोडून कोणीही जाणार नव्हते.

एकटा सुतार बसला नव्हता. तो मावशींकडे बघत नव्हता, खांबांकडेही नाही. तो माझ्याकडे बघत होता. तो उकिडवा बसला, त्याने एक डोळा मिटून माझ्या आसाच्या रेषेत पाहिले आणि माझ्या उजव्या टोपीवर बोटाने टिचकी मारली. मग डाव्या. मग कपाळावर हात मारून घेतला. मग उठून मावशींसमोर गेला आणि त्यांच्या नाकासमोर चार बोटे नाचवली.

मावशी रडत होत्या, त्या रडता रडताच फसकन हसल्या. "सांगितलं होतंस रे बाबा. सांगितलं होतंस."

सुताराने पिशवीतून पाना काढला, टोपीला ओरखडा पडू नये म्हणून आपला रुमाल गुंडाळला आणि जोर लावला. टोपी हलेना. सतरा वर्षे ती तिथे बसलेली. बेकरीवाल्याने चाक धरले, सुताराने पुन्हा जोर लावला. मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवायचे? क्षणभर मला वाटले की घट्ट धरून ठेवावे. त्या टोप्यांखेरीज माझ्या अंगावर मिरवण्यासारखे काय होते? नळाचे पाइप आणि पत्रा. मग मला रविवारची ती परतीची वाट आठवली, रिकाम्या पेटीची खडखड आठवली, आणि मी सोडून दिले. टोपी कुरकुरत फिरली आणि सुताराच्या हातात आली. दुसरीही आली. त्याने त्या रुमालाने पुसून मावशींच्या ओंजळीत ठेवल्या.

आता मी एकतीस इंच होते. खांब साडेएकतीस. दोन्ही बाजूंना मिळून अर्धा इंच!

मावशी पुन्हा बसल्या. सुतार खांबांपलीकडे जाऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि दोन्ही तळवे समोर धरून दाखवू लागला. थोडे उजवीकडे. बस. सरळ. आणखी सरळ. मंडळी उठून उभी राहिली होती. बेकरीवाल्याने डोळे मिटून घेतले होते. मावशींनी श्वास रोखला, जसा सुईत दोरा ओवताना रोखायच्या, आणि हलकेच पेडल दाबले. उजवा खांब माझ्या चाकाला घासण्याइतका जवळून गेला. डावा गेला. माझी पेटी गेली, पेटीतले पाव गेले, पेटीच्या मागचा लाल दिवा गेला, आणि आम्ही दोघी पलीकडे होतो. बसून! कोणी उचलले नाही, कोणी धरले नाही.

सरांची शिट्टी जी वाजली ती थांबेचना. सगळ्या घंट्या एकदम सुटल्या. सून नाचत होती, भर रस्त्यात, दवाखान्यातल्या कोणी पाहिले असते तर ओळखले नसते. आणि मग एकेकाने दोन्ही हात वर केले आणि हवेत हलवले, सुतारासाठी. सुताराने मान झुकवली आणि उत्तर म्हणून पुन्हा चार बोटे दाखवली. हे पुढे तो वर्षभर दाखवणार होता.

त्या दिवशीचे ते सहा किलोमीटर कसे गेले म्हणून सांगू! आमचा वेग तासाला नऊ किलोमीटर, एखादा धावणाराही आम्हाला मागे टाकेल. पण घाई कोणाला होती? झाडांच्या सावल्या मावशींच्या अंगावरून, मग सरांच्या, मग इंजिनिअरबाईंच्या अंगावरून सरकत होत्या. बेकरीवाला आमच्या शेजारी येऊन गाणे म्हणत होता. गाणे त्याच्या सायकलपेक्षा जुने होते. मागे दोघी-तिघी स्वयंपाकाच्या गॅसबद्दल तावातावाने बोलत होत्या. कोणाची साखळी पडली की शिट्टी वाजायची, हात वर व्हायचा, आणि सगळा घोळका थांबायचा. कोणी सुस्कारा टाकत नव्हते. मावशी वळणावर एकदाही झुकल्या नाहीत.

झाडे संपली आणि तळे दिसले. मावशींनी मला थेट पाण्यापर्यंत नेले, पुढचे चाक ओले होईपर्यंत. चार वर्षांनी. माझ्यावर बसल्या बसल्याच त्यांनी चहा घेतला, दोन कप, आणि पाव तर किती खाल्ले ते बेकरीवाल्यालाच ठाऊक.

इंजिनिअरबाईंना अजून दम लागलेला होता. तरी त्यांनी वही काढली. "मावशी, खांब पुन्हा सरकवून घेते. टोप्या परत लावता येतील. या वेळी किती लिहू? तेहतीस?"

मावशींनी टेप काढली नाही. त्यांनी दोन्ही हात ऐसपैस फैलावले. "एवढं लिहा."

"अहो, चार फूट! इतकं कशाला? तुमची तर अर्ध्या इंचात गेली."

"माझी गेली हो," मावशी म्हणाल्या. "माझ्यामागून कोण येणार आहे आणि कशावर बसून, ते मला कुठे माहीत आहे? त्याचं माप मी कसं घेणार?"

इंजिनिअरबाईंनी चार फूट लिहिले. शेजारच्या उतारावर मोटारसायकली अडवायला त्यांनी मोठाले दगड टाकून घेतले. शिवाय पहिला महिनाभर बेकरीवाला सकाळी भट्टी विझवून वाटेच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. तो आडवा उभा राहिला की चार फुटांतून मोटारसायकल काय, वाराही जात नाही.

आणि मागून लोक आले, मित्रांनो. हाताने पेडल मारायच्या सायकलवर एक शिक्षक आला. सायकलमागे छोटी गाडी जोडून जुळ्या मुलींना घेऊन एक आई आली. दोन जणांनी मिळून चालवायच्या लांबलचक सायकलवर एक आंधळे टेलिफोन ऑपरेटर आणि त्यांची बायको आली. रस्ता बायको बघते आणि रस्त्याबद्दल बोलतात मात्र ते. माझ्यासारख्या तीनचाकीही आता आणखी दोन आहेत. मंडळी एक्केचाळीस झाली. पहिल्या नंबरावर मात्र अजून आम्हीच, कारण आमच्याइतके हळू कोणाला जमत नाही.

माझ्या टोप्या परत लावायला सुतार तयार होता. मावशींनी माझ्या मडगार्डवर हात ठेवून विचार केला, आणि त्यांनी जे ठरवले ते मला विचारून ठरवल्यासारखेच होते. आसाच्या टोकांवर आता लाकडाची दोन सपाट बुचे आहेत, बाहेर न येणारी. टोप्या मावशींच्या कापायच्या टेबलावर असतात, कापडावर वजन म्हणून. सून दर शनिवारी त्या घासते. त्या अजून झळकतात, पण आता कोणाला अडत नाहीत.

मला सांभाळायचे तर फार काही करावे लागत नाही. महिन्यातून एकदा साखळीला तेल, टायरात हवा, आणि पावसात झाकायला एक कापड. एवढे तुमच्याही घरातल्या जुन्या सायकलीसाठी कराल ना? बघा, जिन्याखाली, पत्र्याखाली कुठेतरी उभी असेल. तिचे आयुष्य झाले, असे तीसुद्धा धरून चालली असेल.

आणि आणखी एक. तुम्ही सगळे मिळून घंट्या वाजवत एखाद्या खिडकीखालून जाल, तेव्हा जरा कान द्या. आत कोणाचे तरी मशीन चालता चालता थांबेल. थांबले, तर पुढे जाऊ नका. सायकल स्टँडला लावा आणि दार वाजवा.